गोष्टीत भाव लिहा

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत सकाळचा परिपाठ ऐका. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रस्तावना, सुविचार, दिनविशेष, आणि मग बोधकथा. लाकूडतोड्याची कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता सोन्याची काढून दाखवते, तो 'ही माझी नव्हे' म्हणतो आणि शेवटी तिन्ही कुऱ्हाडी घेऊन घरी जातो. तात्पर्य : प्रामाणिकपणाचं फळ मिळतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्या पोरांच्या घरात खरोखरची कुऱ्हाड आहे, त्यांना ठाऊक असतं की जंगलात जलदेवता भेटत नाही, फॉरेस्ट गार्ड भेटतो. तो कुऱ्हाड काढून देत नाही, जप्त करतो.

आपल्या मूल्यशिक्षणाच्या यादीत दहा मूल्यं आहेत. श्रमप्रतिष्ठा आहे, वक्तशीरपणा आहे, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन आहे. मूल्यांशी भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्यासाठी निवडल्या जाणाऱ्या गोष्टींशी, आणि त्याहून जास्त मोठ्यांसाठी छापल्या जाणाऱ्या कथासंग्रहांशी. 'सामान्य माणसाच्या आयुष्यातले नैतिक पेच' असं मलपृष्ठावर लिहिलेला संग्रह हल्ली गावच्या वाचनालयातही सापडतो. उघडून पाहिला तर आत वाढलेल्या वयाची बोधकथाच असते. एक गरीब कास्तकार, एक मोह, एक रात्र तळमळ आणि सकाळी योग्य निर्णय. मोह किती रुपयांचा होता, हे शेवटपर्यंत कळत नाही.

माझं म्हणणं असं : ग्रामीण विदर्भातल्या नैतिक निवडीवर कथा लिहायची, तर त्या निवडीची किंमत रुपयांत, किलोत आणि तारखेत कथेच्या आत आली पाहिजे. ती कोणाच्या खिशातून जाते तेही आलं पाहिजे. आणि सार्वजनिक पैशातून पुस्तकं घेणाऱ्यांनी, म्हणजे शाळांनी आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी, अशीच कथा मागितली पाहिजे.

कापसाच्या वेचणीपासून सुरुवात करू. वेचणीची मजुरी किलोवर असते. समजा १० रुपये किलो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सकाळी सातला फुटलेल्या बोंडावर दव असतं. दवाचा कापूस जड भरतो, म्हणून वेचणाऱ्या बाईला लवकर वावरात उतरायचं असतं. कास्तकाराला तोच कापूस सुकलेला हवा असतो, कारण सीसीआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आर्द्रतेचं मीटर लागतं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्याला टक्का कटती, १२ च्या वर गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. १२ टक्क्यांच्या कापसाला त्यातले सव्वातीनशेच्या आसपास जातात. दहा क्विंटलमागे सव्वातीन हजार.

आता बायांना 'दव उतरल्यावर या' म्हटलं, तर ऊन चढेपर्यंत प्रत्येकीचे दोन तास जातात. तासाला चार-पाच किलो धरा. म्हणजे रोजचे ८०-१०० रुपये एकीचे, दहा जणींचे हजाराच्या आसपास. कापूस कोरडा राहिल्याचा फायदा कास्तकाराच्या विक्रीच्या पट्टीत दिसतो, खर्च मात्र बाईच्या मजुरीतून निघतो. किलोमागे रुपया वाढवून दिला तरी तिचं सगळं भरून निघत नाही : ४५ किलोचे ४५० मिळायचे तिथं ३५ किलोचे ३८५ मिळतात. मग किती वाढवायचा? शेजारच्या वावरात १० च चालू असताना आपण १२ दिले, तर धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा, भाऊ चार माणसांत काय म्हणेल? पाणी शिंपडलेल्या गाठोड्याची आणि तळाशी दगड घातलेल्या पोत्याची गोष्ट सगळेच लिहितात. दोन तासांची गोष्ट कोणी लिहीत नाही, कारण तिच्यात चोर नाही.

बरं, ओला वेचून घरी सुकवायचा म्हटलं तर तेही सरळ नाही. ओल्या कापसाची गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, सरकीला मोड येतात आणि जिनिंगमध्ये रुई सरकीपासून धड सुटत नाही. पसरायचा तर दोन खोल्यांच्या घरात पसरायचा कुठं? भावाची वाट बघत कापूस घरात राहिला की घरच्यांच्या अंगाला खाज सुटते, हे कापूसपट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. कापसाच्या खोलीत झोपायची पाळी सहसा म्हातारीवर येते. चांगल्या कथाकाराला एवढं पुरे आहे.

आता थोडी मोठी गोष्ट, जिच्यावर पूर्ण संग्रह उभा राहू शकतो : सातबारा वापरायला देणं.

हमीभावानं कापूस द्यायचा तर नोंदणी लागते. २०२५-२६ पासून ती 'कपास किसान' अ‍ॅपवर होते. आधार, सातबारा, त्यावर कापसाचा पेरा म्हणजे पिकाची नोंद, आणि बँक खातं लागतं. पेरा कास्तकारानं स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणीत लावायचा, ही पद्धत २०२१ पासूनची. हेक्टरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा असते. पैसे थेट खात्यात येतात. कागदावर ही रचना चोख आहे. पण विदर्भात बरीच जमीन ठोक्यानं, म्हणजे हंगामाची ठरलेली रक्कम मालकाला देऊन, कसली जाते, आणि ठोका तोंडी असतो. लिहून का देत नाहीत? १९५८ चा विदर्भाचा कूळ कायदा अजून जमीनवाल्याच्या मनात जागा आहे. लिहून दिलं की जमीन जाईल ही भीती दोन पिढ्या उतरलेली नाही. त्यामुळे कसणाऱ्याच्या नावावर पेरा नाही, पीककर्ज नाही आणि हमीभावही नाही.

समजा एकाची सात एकर आहे. चार तो स्वतः करतो, तीन दुसऱ्याला ठोक्यानं दिली आहे, एकरी दहा हजारांनी, तीस हजार पेरणीआधीच हातात. सातही एकरांचा कापूस मालकाच्या सातबाऱ्यावर चढलेला. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर ठोकेवाल्याचे बारा क्विंटल होतात. त्याला कृषी केंद्राची उधारी दिवाळीआधी फेडायची आहे. केंद्रावर रांग, ग्रेडिंग, मग पैसे यायला लागतील तेवढे दिवस. गावात खेडा खरेदीचा व्यापारी दारात काटा लावून रोख देतो. समजा ६,८०० नं. बारा क्विंटलचे ८१,६००. हमीभावानं ते ९७,३२० झाले असते. मधले १५,७२०.

आठ दिवसांनी तोच व्यापारी मालकाकडे येतो. "भाऊ, तुमच्या सातबाऱ्यावर अजून बारा क्विंटल बसते ना? मंग? क्विंटलमागं दीडशे तुमचे." १,८०० रुपये, बसल्या जागी. गाडी व्यापाऱ्याची, हमाली त्याची. मालकानं फक्त केंद्रावर उभं राहायचं आणि पैसे आले की काढून द्यायचे.

म्हणजे ज्या तीन एकरांत तो कापूस पिकला, त्याच तीन एकरांच्या सातबाऱ्यावर तोच कापूस हमीभावानं विकला जातो. फरक एवढाच, की ज्यानं पिकवला तो मधून गळाला. मालकानं खोटं काय सांगितलं? 'हा माझा कापूस.' हेच वाक्य त्यानं ठोकेवाल्यासाठीही म्हणता आलं असतं. बारा क्विंटल स्वतःच्या नावानं घालायचे, पैसे आले की त्याला द्यायचे. नियमाच्या भाषेत दोन्ही सारखीच चूक आहे. माणुसकीच्या हिशेबात दोन्हींत १५,७२० रुपयांचं अंतर आहे.

आणि पेच इथंही संपत नाही. मालकाचं सोसायटीचं कर्ज थकलेलं असेल तर खात्यात आलेले ९७ हजार बँक अडकवू शकते. व्यापाऱ्याचे अडकले तर तो चार माणसं घेऊन येईल, म्हणून त्यानं थकबाकी नसलेलाच सातबारा शोधलेला असतो. ठोकेवाल्याचे अडकले तर तो काही करू शकत नाही. दिवाळीला त्याचं घर रिकामं राहील आणि मालक म्हणेल, मी भलं करायला गेलो. तेव्हा 'नाही बाप्पा, मले या भानगडीत पाडू नको' म्हणणारा मालक भित्रा की शहाणा? पुढच्या हंगामाला ठोका पस्तीस हजारांवर नेणारा मालक तोच असेल तर? आता लिहा कथा. तिच्यात तळमळीच्या रात्रीची गरज नाही. दोन मिनिटांचं बोलणं आणि एक ओटीपी पुरतो.

लेखकानं ही साखळी माहीत नसताना लिहिलं तर काय होतं, ते आपण नेहमी वाचतो : व्यापारी मिशीला पीळ देणारा, ठोकेवाला डोळ्यांत पाणी आणणारा, मालक पश्चात्ताप करणारा. तिघांनाही निवड उरत नाही, कारण तिघांची भूमिका पहिल्या पानावर ठरलेली असते. व्यापाऱ्यालाही भाव पडल्यावर भरलेला कापूस घरात ठेवायचा धोका असतो, हे दाखवलं तर कथा मऊ पडत नाही. उलट वाचकाला सुटायला जागा राहत नाही.

फरदडीची गोष्ट लहान आहे, पण सगळ्या गावाची आहे. ओलिताची सोय असलेला कास्तकार डिसेंबरनंतरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवतो आणि एक-दोन वेचण्या जास्त काढतो, ती फरदड. एकरी दोन क्विंटल आले तरी तेरा-चौदा हजार. पण त्या उभ्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत जगते आणि जूनमध्ये पेरलेल्या प्रत्येक वावरात जाते, ज्यानं वेळेवर पऱ्हाटी उपटली त्याच्याही. २०१७ चा हंगाम लोक विसरलेले नाहीत. फरदड घेणारा दुष्ट नसतो. खरिपातली फूट त्याला लागवडीच्या खर्चापर्यंतही नेत नाही, म्हणून तो ती घेतो. गावातल्या ज्याच्याकडे विहीर नाही, त्याच्यावर फरदड न घेण्याचा संयम निसर्गानंच लादलेला आहे. त्याच्या त्या संयमाला सद्गुण म्हणायचं का? हा प्रश्न एखाद्या वर्गात टाकून बघा, परिपाठ लांबेल.

कुंपणाचं मात्र वेगळं आहे, कारण तिथं हिशेब मांडला की सबब उघडी पडते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत तुरीचं, हरभऱ्याचं वावर झोपवतात. जागलीला किती रात्री जायचं? मग कोणी तारेत थेट लाइनचा करंट सोडतो. सौरऊर्जेवरचं झटका मशीन साधारण सेकंदाला एक, क्षणभराचा झटका देतं. जनावर बिचकतं आणि पळतं. लाइनचा करंट सलग वाहतो. स्नायू आखडतात, तार सुटत नाही. पहाटे परसाकडे निघालेला शेजारी, पाणी द्यायला आलेला सालदार आणि वाघ, या तिघांत ती तार फरक करत नाही. विदर्भात माणसं आणि वाघ दोन्ही असे गेले आहेत.

'पैसे नव्हते' हे इथलं नेहमीचं कारण. तर मांडा. पाच एकराला बीटी बियाण्याची दहा पाकिटं, २०२५ च्या ९०१ रुपये दरानं ९,०१०. मशीन, बॅटरी, पॅनल, तार, खांब मिळून समजा पंधरा हजार, आणि ते काही वर्षं चालतं. चौघा धुरेकऱ्यांनी मिळून सामायिक कुंपण केलं तर प्रत्येकी आणखी कमी. पैसे नव्हते असं नाही, चौघांचं जमत नव्हतं. एकानं वर्गणी द्यायची नाही, त्याच्या बाजूनं कुंपण उघडं राहायचं, डुकरं तिथून शिरायची आणि उरलेल्या तिघांनी म्हणायचं की मशीन कुचकामी. खरी कथा त्या बैठकीत आहे जिथं चौथा उठून गेला. दुसरी कथा त्या पहाटेची, जेव्हा पोलीस येण्याआधी तार गुंडाळली जाते आणि ते एक जण पाहतो. तो मृताचा कोणी नाही आणि तार गुंडाळणाऱ्याचा चुलत भाऊ आहे.

यावर कोणी म्हणेल, की असा हिशेब मांडत बसलं तर प्रत्येक पापाला परिस्थितीचं कारण सापडेल. कुंपणाचं उदाहरण त्यासाठीच दिलं. पेचाची किंमत कळली की काही माणसं सुटतात आणि काही जास्त घट्ट अडकतात. किंमत झाकली की सगळे सारखेच बिचारे किंवा सारखेच नालायक दिसतात, आणि मग दोष फिरून सगळ्यात खालच्या पायरीवरच्याच्या माथी बसतो. पोत्यात दगड घालणाऱ्या बाईवर कथा आहेत. आठ क्विंटलवर दोन किलो कटती 'रिवाज' म्हणून कापणाऱ्यावर फारशा नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : कथा म्हणजे बाजारभावाचा तक्ता नव्हे. मान्य. आणि तात्पर्याची परंपरा काही इंग्रजी शाळांनी आणलेली नाही. मराठी गद्य ज्या रिद्धपूरच्या परिसरात घडलं, त्या महानुभावांच्या दृष्टांतांतही आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा उलगडा अशी बांधणी होती. पण ते दृष्टांत वाचताना लक्षात राहतं ते सूत्र नाही. त्यातला आंधळा, हत्ती, भांडी, शेतं, दारातला माणूस लक्षात राहतो. उलगडा गुरूचा होता आणि समोर शिष्य बसलेले होते. छापील कथेत समोर कोणी बसलेलं नाही, म्हणून लेखकानं गुरूची जागा घ्यायचं कारण नाही.

तक्ता होऊ नये यासाठी काही गोष्टी पाळता येतात. एका कथेत दोन, फार तर तीन आकडे. तेही ज्यावर निवड टेकली आहे तेच. आकडा निवेदकानं सांगू नये, पात्राच्या तोंडी यावा, कारण गावात माणसं आकडे बोलतातच : 'साडेसहाशे कमी दिले राजा', 'बारावर मीटर गेलं'. आणि आकडा चुकता कामा नये. कोरडवाहू वावरात एकरी पंधरा क्विंटल कापूस आला, असं वाक्य यवतमाळच्या वाचकानं वाचलं की पुढची पानं तो लेखकाला हसत वाचतो. ऑगस्टमध्ये वेचणी, संक्रांतीला पहिली फूट, भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात पऱ्हाटी, हे सगळं छापून येतं. विदर्भ म्हणजे निव्वळ कापूस नाही. गोंदिया-भंडाऱ्यात धानाच्या केंद्रावरचा बारदाना आहे, गडचिरोलीत मे महिन्यातली तेंदूची फळी, म्हणजे पानांचे पुडे मोजून घ्यायची जागा, आहे आणि तिथं पुडे मोजणारा मुनशी आहे. पुड्यात पानं कमी बांधणारी बाई आणि शेकड्यामागे दोन पुडे 'खराब' म्हणून बाजूला टाकणारा मुनशी एकाच कथेत आले पाहिजेत.

भाषेचं थोडक्यात. संवाद वऱ्हाडीत असावेत, पण विनोदासाठी नव्हे. 'मले', 'तुले', 'काहून' ऐकलं की पुण्या-मुंबईचा वाचक हसायला तयार होतो. त्याला हसू येणार नाही अशा जागी ती बोली आली पाहिजे, म्हणजे सही करताना, नाही म्हणताना, भाव पाडून घेताना.

आता शेतकरी आत्महत्येबद्दल, जो विषय आल्याशिवाय विदर्भाची कथा छापलीच जात नाही असं वाटायला लागलं आहे. २००६ साली पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांना पॅकेज मिळालं, आणि तेव्हापासून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा ही नावं साहित्यात एकाच शेवटाला बांधली गेली. कथेच्या शेवटी आत्महत्या आणणं ही नैतिक पेचाच्या कथेतली सगळ्यात मोठी पळवाट आहे. निवड करायची वेळ आली की लेखक पात्राला संपवतो आणि वाचकाला रडवतो. त्यात खऱ्या माणसांची अप्रतिष्ठा होते ती वेगळीच. जो त्या काठावर उभा असेल त्याच्या हातात तो शेवट देणं तर त्याहून वाईट.

आत्महत्येनंतरचे तीन आठवडे मात्र कोणी लिहीत नाही, आणि निवडी तिथं भरलेल्या आहेत. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे वारसाला एक लाखाची मदत आहे : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. ते थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादा असायला हवा. ठोकेवाल्याचं घर पहिल्याच अटीत बाहेर पडतं. विनापरवाना सावकाराचे पैसे घेतलेला दुसऱ्या अटीत बाहेर पडतो. चौकशीला तलाठी येतो (पदाचं नाव आता बदललं आहे, गाव अजून तलाठीच म्हणतं). शेजाऱ्याचा जबाब होतो. त्यात एक प्रश्न हमखास असतो : 'दारू प्यायचा का?'

तो पीत होता. त्याच्यावर कर्जही होतं. दोन्ही खरं आहे. शेजाऱ्यानं दोन्ही सांगितलं तर कागदावर पहिलंच मोठं होऊन बसण्याचा धोका आहे, आणि समोर दारात मेलेल्याची बायको उभी आहे. न सांगितलं तर जबाबाखाली त्याची सही असणार. तलाठ्याची निवड आणखी बारीक आहे. 'अधूनमधून मद्यपान करीत असे' आणि 'व्यसनाधीन होता' ही दोन वाक्यं त्याच्या पेनात तयार आहेत. दोन्हींत खोटं काही नाही, पण एक लाख रुपये त्यांच्या मधल्या जागेत पडलेले आहेत. 'खरं बोलावं' हे मूल्य इथं कोणत्या वाक्याच्या बाजूनं उभं राहतं, ते मला सांगता येत नाही. कथेनंही सांगू नये. पण जबाब वाचून दाखवताना तलाठी कोणत्या शब्दाशी अडखळला, हे कथेनं दाखवलंच पाहिजे.

अशा कथा लिहून ठेवल्या आणि कपाटात गेल्या तर उपयोग अर्धा. गावातलं वाचनालय संध्याकाळी वर्तमानपत्रापुरतं उघडतं. तिथं किंवा बचत गटाच्या मासिक बैठकीत मोठ्यानं वाचायची कथा हवी, तर तिची लांबी आधी ठरते. मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. पंधरा मिनिटांनंतर माणसं चुळबुळतात, म्हणून पंधराशे ते अठराशे शब्द. जिथं पात्राला निवड करायची आहे त्या ओळीवर वाचन थांबवायचं आणि विचारायचं. 'काय बरोबर?' असं विचारलं की सगळे परिपाठातलं उत्तर देतात. 'यात कोणाचे किती गेले?' असं विचारलं की ज्या बाया एरवी तोंड उघडत नाहीत त्याच आधी बोलतात, कारण घरातला हिशेब त्यांच्याचकडे असतो. पंधरा-वीस जण बरे. चाळीस झाले की सभा होते आणि सभेत सरपंच बोलतो.

बिघडतं कुठं, तेही ठरलेलं आहे. मास्तर किंवा पाटील पहिले बोलले की बाकीचे मान हलवतात. म्हणून त्यांना शेवटी बोलू द्यायचं, किंवा त्या दिवशी बोलवायचंच नाही. दुसरं, दीड हजार वस्तीच्या गावात प्रत्येक कथेत लोक ओळखीचं माणूस शोधतात. 'हे तर अमक्याचंच' असं कुजबुजलं की चर्चा संपली आणि भांडण सुरू. त्यावर एकच उपाय : कापसाच्या गावात धानाची कथा वाचायची, धानाच्या गावात कापसाची. पेच पोचतो, बोट कोणाकडे जात नाही. तिसरं, जात. कथेतल्या ठोकेवाल्याची जात लिहिली नाही तरी ऐकणारा ती ठरवूनच ऐकतो, आणि कोण ओट्यावर बसलं आणि कोण खाली, यावर कोण किती बोलणार ते अवलंबून असतं. सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवता येत नसेल तर तिथं नीतीची कथा वाचू नये.

गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. शेंडगावचा हा माणूस समोरच्यांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचा. सण, लग्न, तेरवी यांसाठी कर्ज काढू नका, हे तो सांगायचा तेव्हा कर्ज किती, व्याज किती, हे ऐकणाऱ्याला मनात मोजावंच लागायचं. परिपाठातल्या बोधकथेनं त्यातला उपदेश तेवढा उचलला, प्रश्न विचारणं मागेच राहिलं.

संग्रह करणाऱ्यांसाठी शेवटचं एक. दहा-बारा कथा पुरेत. मजुराची, ठोकेवाल्याची, पाच एकरवाल्याची, व्यापाऱ्याची, मापाऱ्याची, तलाठ्याची, सोसायटीच्या सचिवाची. सगळ्या कास्तकारांच्याच नकोत. तलाठ्याच्या कथेनंतर लगेच जबाब देणाऱ्या शेजाऱ्याची कथा ठेवली तर दोन्ही एकमेकींना तपासतात. आणि प्रत्येक कथेखाली साल छापा. ८,११० हा भाव पाच वर्षांनी जुना होईल, ६,८०० कदाचित त्याआधीच. नव्या आवृत्तीत तो सुधारून घ्यायची हौस संपादकाला होते. ती करू नये. त्या साली क्विंटलमागे किती रुपयांसाठी माणूस हो म्हणाला होता, हे पुढच्या वाचकाला तसंच दिसलं पाहिजे.